बगरूच्या उन्हातले रबर

पुण्याहून खंबाटकीचा घाट ओलांडून साताऱ्याकडे जाणारा रस्ता आणि जयपूरहून अजमेरकडे निघणारा रस्ता हे दोन्ही, 2010 सालच्या फेरक्रमांकनानंतर, सरकारदप्तरी 48 क्रमांकाच्या एकाच राष्ट्रीय महामार्गाचे तुकडे ठरले आहेत. परंतु त्या एकाच रस्त्याच्या दोन टोकांना हवेचा जो अंमल चालतो, त्यात इतके अंतर आहे की सह्याद्रीच्या पायथ्याशी वीस वर्षे निर्वेध नांदलेली मोटार मारवाडच्या वाटेवर दोन उन्हाळ्यांत म्हातारी दिसू लागावी. रंग टिकतो, पत्रा तर कोकणातल्यापेक्षा इथे कितीतरी अधिक टिकतो, कारण गंज चढायला लागणारी ओल इथल्या हवेत वर्षातले बरेच महिने नसतेच. झिजते ते रबर. दाराची बीडिंग, काचेभोवतालची पट्टी, वायपरचे पाते, डिकीच्या कडेची झालर, इंजिनाखालचे माउंटिंग, पेडलवरचे आच्छादन, असे मोटारीतले जे जे अवयव लवचीकपणाच्या जोरावरच नोकरी करतात, ते सारे या उन्हात प्रथम निस्तेज, मग टणक आणि अखेर भेगाळ होतात. आणि मग त्यांना पुन्हा मऊ करण्यासाठी घरातल्या न्हाणीघरापासून स्वयंपाकघरापर्यंतच्या साऱ्या बाटल्यांची झडती सुरू होते.

बगरू हे गाव या महामार्गावर, जयपूरपासून अजमेरच्या दिशेने सुमारे 30 किलोमीटरवर आहे. जगात त्याची कीर्ती आहे ती छिपा समाजाच्या ठशांच्या छपाईमुळे. हिरड्याच्या पाण्यात भिजवून पिवळसर केलेले कापड, लोखंड आणि गूळ आंबवून सिद्ध केलेला काळा रंग, तुरटीच्या साहाय्याने उठणारा तांबडा, आणि ज्याला ‘दाबू’ म्हणतात तो चिखल, चुना, डिंक आणि किडलेल्या गव्हाचा चुरा यांचा लेप, ही सामग्री इथे पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. वस्तूवर काय चढवावे, किती काळ ठेवावे आणि केव्हा धुऊन काढावे, हे तिन्ही निर्णय ज्या गावाच्या उपजीविकेचा पाया आहेत, त्या गावाच्या वेशीवरच महामार्गालगत मोटारदुरुस्तीच्या टपऱ्या आहेत आणि तिथे हेच तीन निर्णय रबराच्या बाबतीत रोज घेतले जातात, याचे मला मोठे कौतुक वाटले. छिपांच्या अंगणातले निर्णय शतकांच्या अनुभवाने पक्के झालेले आहेत. टपऱ्यांतले अजून कच्चे आहेत.

आमचे तिथे थांबणे माझ्या एका स्नेह्याच्या मोटारीमुळे झाले. ही मोटार म्हणजे प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातले अपत्य. इटलीच्या फियाटचा 1100 हा नमुना इथे आधी ‘डिलाइट’ आणि नंतर ‘प्रेसिडेंट’ या नावांनी वावरला आणि 1974च्या सुमारास त्याला चितोडच्या राणीचे नाव मिळाले; म्हणजे राजस्थानची राणी कुर्ल्यात जन्मून मुंबईच्या रस्त्यांवर काळीपिवळी वस्त्रे लेवून हिंडली आणि 30 ऑक्टोबर 2023 रोजी, टॅक्सीला घालून दिलेल्या वीस वर्षांच्या मुदतीपायी, त्या सेवेतून निवृत्त झाली. खाजगी मालकांच्या पद्मिनी मात्र अजून जिवंत आहेत आणि त्यांचे मालक हा एक स्वतंत्र पंथ आहे. या पंथातली माणसे इंजिनाविषयी तासन्‌तास बोलतात. खरी चिंता त्यांना रबराची असते, कारण पिस्टन, बेअरिंग, कार्ब्युरेटर यांची सोय कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत कुठे ना कुठे लागते, परंतु मागच्या काचेची मूळ मापाची पट्टी मिळणे हा पूर्वसुकृताचा भाग आहे.

बगरूच्या मिस्त्रीबुवांनी दाराची बीडिंग अंगठ्याने दाबून पाहिली, नखाने एक चरा ओढला आणि त्या चऱ्यातून काळी पूड निघते की नाही हे न्याहाळले. पुढे मला कळले की त्यांची सारी रोगपरीक्षा या एका चऱ्यात सामावलेली असते. पूड निघाली, तर वरचा थर मेला आहे आणि आत जीव असण्याचा संभव आहे. नख उमटलेच नाही, तर आतपर्यंत दगड झाला आहे. आणि नख रुतून चिकटले, तर ते रबर विरघळण्याच्या मार्गाला लागले असून त्यावर कोणताही उपाय करणे हा पैशाचा अपव्यय. प्रयोगशाळेत हेच काम ‘शोअर’ नावाच्या मापकाची बोथट सुई करते. मिस्त्रीबुवांचे नख त्या सुईइतके अचूक नसेल, परंतु तीन निदानांत त्यांनी रबराच्या वार्धक्याचे तिन्ही मुख्य प्रकार सांगून टाकले होते.

हे वार्धक्य कसे येते, ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण उपायातल्या साऱ्या चुका या अज्ञानातून उद्भवतात. रबराच्या झाडाचा चीक म्हणजे लांबच लांब रेणुशृंखलांचा गुंता. कच्च्या स्थितीत तो उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ होतो. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन गृहस्थाने 1839 साली गंधक आणि उष्णता यांच्या योगाने या शृंखला एकमेकींना ठिकठिकाणी बांधता येतात हे शोधून काढले. त्याचे पेटंट त्याला 1844 साली मिळाले, आणि 1860 साली तो कर्जबाजारी अवस्थेत वारला. (त्याच्या नावाची टायर कंपनी त्याच्या मृत्यूनंतर अडतीस वर्षांनी निघाली आणि तिच्याशी त्याच्या घराण्याचा काडीचाही संबंध नव्हता, संशोधकाच्या वाट्याला नाव आणि व्यापाऱ्याच्या वाट्याला नाणे, ही वाटणी जुनीच आहे.) गंधकाचे हे बंध नेमक्या संख्येने असतात तोवर रबर ताणले की लांबते आणि सोडले की परत येते. परंतु काम संपल्यावर थांबण्याची अक्कल रसायनाला नसते. हवेतला प्राणवायू वर्षानुवर्षे त्या शृंखलांवर काम करीत राहतो. कुठे नवे बंध घालतो, तिथे रबर टणक होते. कुठे शृंखलाच तोडतो, तिथे ते चिकट होते. उष्णता या दोन्ही व्यवहारांना गती देते, आणि ठोकळ हिशेबाने दर दहा अंशांना हा वेग दुपटीच्या घरात जातो. जयपूरकडे उन्हाळ्यात सावलीतला पारा 45 अंशांच्या आसपास जातो. उन्हात काचा बंद करून ठेवलेल्या मोटारीच्या आत, डॅशबोर्डाजवळ, तो त्याहून कितीतरी वर असतो.

याखेरीज एक तिसरा शत्रू आहे आणि तो मोठा कावेबाज आहे. मोटारींच्या धुरातले नत्राचे ऑक्साइड आणि कडक ऊन यांच्या संयोगाने जमिनीलगत ओझोन तयार होतो. हवेच्या दहा कोटी भागांत त्याचे मोजके काही भाग असले तरी ताणात असलेल्या रबराला चिरा पाडायला ते पुरतात. या चिरा नेहमी ताणाच्या दिशेला काटकोनात पडतात. म्हणून दाराच्या कोपऱ्यात, जिथे बीडिंग वळवून बसवलेली असते, तिथे ती प्रथम फाटते आणि सरळ भागात मात्र धडधाकट दिसते. म्हणून माळ्यावर सैल गुंडाळून ठेवलेली जुनी पट्टी मोटारीवरल्या पट्टीहून दीर्घायुषी निघते. वर्दळीचा महामार्ग आणि निरभ्र आकाश जिथे एकत्र येतात, ते बगरू या शत्रूच्या वतनातच मोडते.

या शत्रूविरुद्ध जुन्या कारखानदारांनी केलेली तजवीज अशी होती की रबराच्या मिश्रणातच थोडे मेण कालवायचे. ते हळूहळू पृष्ठभागी येते, तिथे त्याचा पातळ पापुद्रा जमतो आणि ओझोन आत शिरत नाही. जुन्या रबरावर जी पांढुरकी साय दिसते, ती पुष्कळदा हे मेणच असते. आणि इथेच गृहस्थ घात करतो. त्याला ती साय मळ वाटते. तो भांड्यांचा साबण, धुण्याचा सोडा, काचा पुसण्याचे अमोनियाचे पाणी, जे हाताला लागेल ते घेऊन ती खसाखसा घासून काढतो आणि लखलखीत काळे रबर पाहून कृतकृत्य होतो. बगरूच्या अंगणात निळीच्या हौदात बुडवण्यापूर्वीच कुणी दाबूचा लेप धुऊन टाकला तर कापडाचे जे होईल, तेच या रबराचे होते: जिथे काही शिरू नये, तिथे सारे शिरते. मेणाचा साठा आत शिल्लक असेल तर साय काही काळाने पुन्हा येते. जुन्या रबरात तो बहुधा संपलेला असतो.

म्हणून स्वच्छता करू नये असे नव्हे. धूळ, तेलाचा ओशटपणा, पूर्वीच्या मालकांनी चोपडलेल्या पॉलिशांचे थर हे निघालेच पाहिजेत. त्यासाठी कोमट पाणी आणि सौम्य साबणाचे दोन थेंब, किंवा आपल्या आजीच्या काळचे रिठ्याचे पाणी, आणि मऊ फडके एवढी सामग्री पुरे. ब्लीचिंगचे द्रावण मात्र रबराच्या वाटेला जाऊ देऊ नये, कारण प्राणवायू जे काम वर्षांनी करतो ते हे द्रावण ताबडतोब करू लागते.

आता मऊ करण्याचा मुख्य प्रश्न. या बाबतीत लोकांत सर्वाधिक लौकिक आहे तो पांढऱ्या फिनेलचा आणि त्याच्या सुगंधी, बाटलीबंद भाईबंदांचा. स्नेह्यांकडच्या जुन्या बीडिंगचे तुकडे कापून मी ते निरनिराळ्या वाट्यांत बुडवून ठेवले होते, आणि फिनेलच्या वाटीतला तुकडा खरोखरच मऊ झाला; बोटांत वाकवता येऊ लागला, इतकेच नव्हे तर त्याला एक प्रकारची तुकतुकी आली. हा चमत्कार नव्हे. चांगल्या प्रतीच्या पांढऱ्या फिनेलमध्ये पाइन तेल असते आणि ते पाण्यात मिसळावे म्हणून साबणासारखे द्रव्य असते. चिडाच्या जातीच्या वृक्षांपासून मिळणारी ही तेले आणि रबर यांचे सख्य फार जुने आहे: टर्पेंटाइनमध्ये रबर विरघळते हे फ्रेंच रसायनज्ञांना अठराव्या शतकातच ठाऊक झाले होते, आणि त्याच वृक्षांचे डांबर रबराच्या मिश्रणात मार्दवासाठी कालवण्याची चाल कारखान्यांत दीर्घकाळ चालत आली. म्हणजे फरशी पुसण्याच्या बाटलीत मोटारीच्या रबराचा एक जुना सोयरा नकळत बसलेला असतो. त्याची ओळख पटली की तो आत शिरतो, शृंखलांमध्ये जागा करून बसतो, त्यांना एकमेकींपासून थोडे दूर सारतो आणि रबर फुगते. फुगलेले रबर मऊ लागते.

परंतु फुगणे म्हणजे तारुण्य नव्हे, हे त्याच तुकड्याने पुढे दाखवून दिले. वाटीतून काढल्यावर तो शेजारच्या कोरड्या तुकड्याहून लांबीला उघड्या डोळ्यांनी दिसेल इतका वाढला होता. अशी बीडिंग दाराच्या खाचेत बसवायला गेले तर ती लाटेसारखी उमळते. तेल उडून गेल्यावर तो आक्रसला, आणि मूळच्यापेक्षाही किंचित आखूड व टणक झाला. कारण उघड आहे. रबरात कारखान्याने घातलेले मार्दवाचे तेल असते. आत शिरलेला पाहुणा जाताना त्यातले काही आपल्याबरोबर नेतो. वारंवार फिनेल करणारा मालक दर खेपेला आपल्या रबराच्या गंगाजळीतून उचल करीत असतो. रॉकेलची आणि डिझेलची गोष्ट याहून वाईट. ती इतक्या जोराने फुगवतात की पट्टी हाताने तुटते. काळ्या फिनेलमधली डांबरी आम्ले तर रबराबरोबर हाताची कातडीही सोडत नाहीत.

पाश्चात्त्य हौशी मंडळींत ज्या उपायाला मोठी प्रतिष्ठा आहे तो म्हणजे विंटरग्रीनचे तेल. याचा मुख्य घटक मिथाइल सॅलिसिलेट. आपल्याकडच्या पाठदुखीच्या मलमांना जो झणझणीत वास असतो तो याचाच, आणि ज्या वनस्पतीपासून ते मिळते तिची एक भारतीय बहीण निलगिरीवर आणि खासी टेकड्यांवर रानोमाळ वाढते. हे तेल सुमारे 220 अंशांना उकळते, त्यामुळे ते रबरात शिरल्यावर बराच काळ मुक्काम करते. एवढाच त्याचा मोठेपणा. ज्या माउंटिंगला किंवा पेडलच्या आच्छादनाला थोडे फुगणे बाधत नाही, त्याला ते उपयोगी पडते हे मी मान्य करतो. मात्र ते पोटात गेल्यास विष आहे, लहान मुलाच्या बाबतीत चमचाभरही प्राणघातक ठरू शकते. तेव्हा त्याची वाटी स्वयंपाकघरात ठेवण्याचा मोह टाळलेला बरा.

ग्लिसरीन आणि सिलिकॉन तेल यांना मी वेगळ्या कोटीत ठेवतो. ती दोन्ही नैसर्गिक रबराच्या आत जवळजवळ शिरतच नाहीत, म्हणून ती मऊ करीत नाहीत आणि बिघडवतही नाहीत. वरचा थर ओला, निसरडा आणि न चिकटणारा ठेवतात. जिवंत असलेल्या रबराची निगा राखायला ती उत्तम. (मोटारीला नवा रंग द्यायचा असेल तर सिलिकॉन आधी लावू नये, रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात आणि रंगारी तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो.) साठवणीतल्या रबराला शंखजिऱ्याची पूड चोळण्याची जुनी पद्धतही याच कुळातली, ट्यूब टायरला चिकटू नये म्हणून पंक्चरवाले आजही ती वापरतात. व्हॅसलीन मात्र या कुळात धरू नये. दिसायला ते ग्लिसरीनइतकेच सोज्ज्वळ, परंतु खनिज तेलाचे असल्यामुळे नैसर्गिक रबरात हळूहळू शिरते आणि त्याला पोखरते.

बगरूच्या मिस्त्रीबुवांनी आमच्या बीडिंगवर काय केले, हे सांगायचे राहिले. त्यांनी फिनेल लावले नाही. साबणाच्या पाण्याने ती धुतली, सावलीत वाळवली, कोपऱ्यातल्या ज्या चिरा ताणामुळे पडल्या होत्या तिथे पट्टी किंचित सैल करून पुन्हा बसवली आणि ग्लिसरीनचा हात फिरवला. ताण काढून टाकणे हाच ओझोनवरचा एकमेव घरगुती उपाय आहे, हे तत्त्व त्यांना ठाऊक नसेलही. त्यांची बोटे ते जाणत होती.

परंतु हे सारे धूळ आणि पाणी अडवणाऱ्या रबरापुरते. मोटारीत दुसरेही रबर असते, आणि त्याच्याबाबत मी कुणाचीही गय करायला तयार नाही. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये आणि चाकांच्या सिलिंडरांमध्ये ज्या लहान रबरी वाट्या असतात, ज्यांना मिस्त्री ‘किट’ या सामुदायिक नावाने ओळखतात, त्यांच्यावर पाय दाबताना सबंध मोटारीचा वेग पेलला जातो. आरंभीच्या काळात या ब्रेकांत एरंडेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण घालीत. पुढे ग्लायकोलवर आधारलेले द्रव आले. या दोन्हींत जे रबर सुखाने नांदते, ते खनिज तेलाच्या स्पर्शाने फुगून सिलिंडरात अडकते. म्हणून ब्रेकच्या भागांना पेट्रोलने किंवा रॉकेलने धुणे हा सरळ सरळ गुन्हा समजला पाहिजे. त्यांना फक्त ब्रेकचाच ताजा द्रव किंवा स्पिरिट लावावे, असे जुन्या मोटारींच्या पुस्तिका एकमुखाने सांगतात. फिनेलने मऊ केलेली ब्रेकची वाटी पहिल्या आठवड्यात काम करील आणि घाटात फसवील. रस्त्याकडेच्या काही टपऱ्यांत जुनी किट उकळून, घासून पुन्हा घालण्याचा उद्योग मी पाहिला आहे. नव्या किटची किंमत त्या टपरीतल्या दोन दिवसांच्या चहाहून फार नसते, तरी तो चालतो.

पेट्रोलच्या नळ्यांची कथा अलीकडे अधिक बिकट झाली आहे. 2023पासून आपल्या पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले आणि आता ते जवळजवळ सर्वत्र आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या मोटारीची पेट्रोलनळी आणि पंपाचे डायफ्रॅम हे अशा मिश्रणासाठी घडवलेले नव्हते; ते फुगतात, मऊ पडतात, झिरपू लागतात. इथे तर मार्दव हेच रोगाचे लक्षण आहे, आणि नळी मऊ आहे म्हणून समाधान मानणारा मालक गरम इंजिनाशेजारी पेट्रोल ठिबकू देत असतो.

जुन्या मोटारींना आता कायद्यानेही एक पाट मांडून दिला आहे. केंद्र सरकारच्या जुलै 2021च्या अधिसूचनेनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी व चारचाकी वाहने ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येतात. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, तिची मुदत दहा वर्षांची, आणि वापर प्रदर्शने, फेऱ्या व संशोधन यांपुरता, रोजच्या दळणवळणासाठी नव्हे. मूळ स्वरूप राखण्याच्या या अटीत चासी, सांगाडा आणि इंजिन यांचा विचार आहे. रबराचा उल्लेख नाही, आणि तसा तो नसणे हे शहाणपणाचेच म्हटले पाहिजे. उदयपूरला मेवाडच्या राजघराण्याच्या जुन्या मोटारखान्यात 2000 साली जे संग्रहालय उघडले गेले, तिथल्या राजेशाही मोटारी पाहताना प्रेक्षकाची नजर दिव्यांवर आणि मूठभर चकाकणाऱ्या पितळेवर खिळते. माझी नजर काचेच्या कडांवर गेली. रबर हा मोटारीच्या देहातला नित्य बदलत राहणारा घटक आहे; ते बदलले म्हणून मोटारीच्या कुळाला बट्टा लागत नाही.

आणि बदलण्याची सोय पूर्वीपेक्षा वाढली आहे. 1960च्या दशकात ईपीडीएम हे कृत्रिम रबर बाजारात आले. ओझोनला आणि उन्हाला ते नैसर्गिक रबरापेक्षा कितीतरी कमी दाद देते, आणि आजच्या मोटारींच्या बहुतेक बीडिंगा त्याच्याच असतात. छेदाचा नमुना दिला तर साचा कोरून त्या आकाराची पट्टी ओढून देणारे लहान कारखाने आपल्या औद्योगिक वसाहतींत आहेत. एका मालकाला हा खर्च परवडत नाही. पंधरावीस मालक एकत्र आले तर परवडतो. पद्मिनीच्या पंथीयांनी इंजिनाविषयीच्या गप्पांतून थोडा वेळ काढून ही वर्गणी गोळा करावी, असे मला वाटते. आपल्याकडे कच्च्या मालाचीही वाण नाही: केरळात पेरियारच्या काठी 1902 साली रबराची व्यापारी लागवड सुरू झाली, आणि आज सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातही चिकाच्या वाट्या बांधलेली झाडे रांगेने उभी दिसतात.

तेव्हा ज्यांच्या दारी अशी मोटार उभी आहे त्यांना एवढीच विनंती, की ब्रेकची किट आणि पेट्रोलच्या नळ्या आजच नव्या घाला. बीडिंगला साबण-पाणी, सावली आणि ग्लिसरीन एवढेच द्या. आणि टणक झालेली मूळ पट्टी काढलीत, तर ती भंगारवाल्याला देऊ नका. तिचा विताएवढा तुकडा, न फुगवता, न घासता, मोटारीचे नाव आणि जागा लिहून जपून ठेवा. नवा साचा कोरणाऱ्याला तोच लागतो, आणि फिनेलमध्ये भिजलेल्या तुकड्यावरून घेतलेले माप चुकते.